उधारीच जेव्हा माल होते

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. शाळेत तेवढेच पाठ केलेले असते. वाण्याच्या उधारीच्या वहीचा, शिवणयंत्राच्या हप्त्याचा, घरात भांडेकुंडे आणताना काढलेल्या कर्जाचा इतिहास कोणी लिहील, आणि त्यावर कोणी विद्यापीठात प्राध्यापक होईल, हे सहसा मनात येत नाही. पण असे लोक आहेत. अमेरिकेतले लुईस हायमन हे त्यांपैकी एक. त्यांच्या कामाची ओळख आज करून देण्याचे कारण एवढेच की, ज्या गोष्टीच्या शोधात त्यांनी उमेदीची वर्षे घातली, ती आता आपल्या बाजाराच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचली आहे.

हायमन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विषय दोन, इतिहास आणि गणित. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली. प्रबंध अमेरिकेतल्या घरगुती कर्जावर होता. नंतर मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या मॅकिन्झी या संस्थेत त्यांनी काही काळ काम केले. धंदा कसा विचार करतो हे आतून पाहायला मिळाले, ते पुढे उपयोगी पडले असावे असे मला वाटते. मग कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन, आणि तिथून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. २०११ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने त्यांचे पुस्तक छापले, 'डेटर नेशन' म्हणजे कर्जदार राष्ट्र. पुढच्याच वर्षी सामान्य वाचकासाठी 'बॉरो' हे दुसरे सोपे पुस्तक आले.

आता कोणी म्हणेल, लोक कर्ज का काढतात हे सांगायला प्रबंध कशाला हवा? गरज पडते म्हणून काढतात. अगदी बरोबर. हायमन यांचा प्रश्न उलट्या बाजूने आहे. घरखर्चासाठी पैसे मागणाऱ्या साध्या माणसाला एके काळी बँक दारात उभी करीत नव्हती. मग असे काय झाले की त्याच बँका पुढे त्याच्या घरी आपणहून जाऊ लागल्या?

या प्रश्नाआधी एक भ्रम दूर करायला हवा. तो दूर केला त्यांच्या आधीच्या एका इतिहासकाराने. लेंडॉल काल्डर हे त्यांचे नाव. मिसिसिपी नदीकाठच्या रॉक आयलंड या गावी ऑगस्टाना नावाचे कॉलेज आहे, तिथे त्यांनी इतिहास शिकवला. शेजारचे गाव मोलीन, म्हणजे जॉन डीअर ट्रॅक्टरवाल्यांचे मुख्य ठाणे. काल्डर यांचे ग्राहककर्जाच्या इतिहासावरचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतले वडीलधारे सांगत असत, 'आमच्या आजोबांच्या काळी कोणी कर्जाला हात लावीत नव्हते, ही आताच्या पोरांची खोड.' काल्डर मागे मागे गेले तर आजोबांच्या पिढीतलेही लोक हेच म्हणत होते, आणि तेही आपापल्या आजोबांकडे बोट दाखवीत होते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्याचे नाव दुकानदाराच्या वहीत, मजुराचे घड्याळ गहाणवाल्याकडे आणि घरातले टेबल-खुर्ची हप्त्यावर, असेच चालले होते.

आपल्याकडे तरी काय होते? १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. गोरवाला समिती म्हणून ती ओळखली जाते. आपले धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. १९५४ साली अहवाल आला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातले शंभरातले जेमतेम तीन रुपये सहकारी सोसायटीचे, बाकी बहुतेक सावकार-व्यापाऱ्यांचे, असे त्यात निघाले. हा आकडा पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरा सहसा कोणी सांगत नाही. काढलेल्या कर्जातला जवळजवळ निम्मा पैसा घरखर्चाकडे गेला होता. धान्य, लुगडी, दुखणे, लग्नकार्य. तेव्हा मुलाने हप्त्यावर मोबाइल आणला की 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणण्याआधी घरातल्या जुन्या पेटीतले कागद एकदा चाळावेत.

आता जुनी उधारी कशी होती ते पाहू. अमेरिकेतल्या खेड्यातला दुकानदार शेतकऱ्याला वर्षभर साखर, कापड, खिळे उधार देई आणि सुगीला वसुली करी. तो स्वतः शहरातल्या ठोक व्यापाऱ्याचा देणेकरी. उधारीवाल्याला भाव चार पैसे चढा लावीत. पण बुडीत धरली की त्यात फारसे काही उरत नसे. उधारी दिली नाही तर माल खपत नाही, म्हणून द्यायची. दुकानदाराची ती डोकेदुखी होती.

यंत्रे आली तेव्हाही हेच चालले. सायरस मॅकॉर्मिक यांनी १८४७ साली शिकागोला कापणीयंत्राचा कारखाना काढला. एवढी रोख रक्कम शेतकऱ्याकडे कुठली? म्हणून थोडे पैसे आधी घ्यायचे आणि बाकीचे पीक हाती आल्यावर. ही वेळ ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. १८५६ साली सिंगर कंपनीचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी शिवणयंत्र हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. काही डॉलर हातावर ठेवायचे, यंत्र घरी न्यायचे, दरमहा भाडे भरीत जायचे आणि ते भाडेच किमतीत धरायचे. बाई त्याच यंत्रावर शिवणकाम करून हप्ता फेडू शके. हेच सिंगर यंत्र पुढे हिंदुस्थानात आले आणि इथेही हप्त्यावर विकले गेले. आपल्या कितीतरी शिंप्यांच्या घरात ते काळे, सोनेरी वेलबुट्टीचे यंत्र अजून चालू आहे.

इथपर्यंत कंपनीला यंत्र विकण्यात रस होता. हप्ता हे त्याचे साधन.

मात्र रोख पैसे हवे असतील तर? दुखणे आले, घरभाडे थकले, तर शहरातला मजूर कोणाकडे जाणार? अनेक राज्यांत कायद्याने व्याजाला शेकडा सहा किंवा त्याच्या आसपास मर्यादा घातलेली होती. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण पाच-पंचवीस डॉलरचे कर्ज त्या दराने देणे कोणालाच परवडेना. देणारा, लिहिणारा, वसुलीला हिंडणारा, सगळ्यांचा खर्च त्यातून निघत नसे. परिणामी गरीब माणूस चोरट्या सावकाराच्या हाती गेला. तो महिन्याला शेकडा दहा आणि त्याहून जास्तही घेई, आणि पगार परस्पर आपल्या नावावर लिहून घेई. रसेल सेज फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने या प्रकाराची पाहणी केली आणि १९१६ साली एका कायद्याचा मसुदा तयार केला. तीनशे डॉलरपर्यंतचे कर्ज, परवानाधारक सावकार, आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे वर्षाचे बेचाळीस झाले! हे ऐकून त्या काळीही लोक चमकले. तरी हळूहळू अनेक राज्यांनी तो कायदा उचलला. चोरट्या दरापेक्षा उघडा दर बरा, हा त्यामागचा विचार. तो पूर्ण पटतो असे मी म्हणणार नाही. पण नुसती मर्यादा घालून कर्ज स्वस्त होत नाही, हे त्यातून दिसते.

मोटारगाड्या आल्या आणि खेळ बदलला. जनरल मोटर्सने १९१९ साली गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली. हेन्री फोर्ड यांना हा प्रकार मुळीच आवडत नव्हता. ते शेतकऱ्याचे पोर, हातात पैसा नसताना वस्तू घेणे त्यांना पटेना. त्यांनी १९२३ साली उलटी योजना काढली. आठवड्याला पाच डॉलर साठवीत जा, किंमत भरली की गाडी घ्या. आपल्या भिशीसारखेच म्हणा. योजना सपशेल पडली. साठवीत बसायला कोणी तयार नव्हते, कारण शेजारी हप्त्यावर घेतलेल्या गाडीतून हिंडत होता. १९२८ साली फोर्ड कंपनीनेही कर्जपेढी काढली. तोवर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चार गाड्यांपैकी सुमारे तीन हप्त्यावर जात होत्या.

हायमन बोट ठेवतात ते इथे. गाडी विकणारा दुकानदार आता उधारी स्वतःच्या वहीत ठेवीत नव्हता. गिऱ्हाइकाने सही केलेला हप्त्याचा कागद तो कर्जपेढीला विकून टाकी आणि रोख पैसे घेऊन मोकळा होई. उधारीचा कागद विकता येऊ लागला, त्याला बाजार मिळाला. जी उधारी माल खपवण्यासाठी होती, तीच आता माल झाली. आणि माल म्हटला की तो जास्तीत जास्त खपावा असे विकणाऱ्याला वाटणारच.

आपल्याकडच्या दुकानात हे चित्र आता डोळ्यांनी दिसते. फ्रिज दाखवणारा मुलगा दुकानाचा असतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आधारकार्ड घेऊन फोनमध्ये माहिती भरणारा मुलगा फायनान्स कंपनीचा. दुकानदाराला त्याचे पैसे लगेच मिळतात. पुढचे वर्ष-दीड वर्ष तुमचा व्यवहार ज्याच्याशी आहे, त्याची कचेरी तुम्ही कधी पाहिलेलीही नसते.

यावरून आपल्या मुलखातली गोष्ट आठवते. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावी, बाजारात जमलेले शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती खते आणि वह्या. ती हाती आली तिथे त्यांनी जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. या दंग्यापासून पुढच्या सहकारी चळवळीपर्यंतचा, १८७५ ते १९३० चा इतिहास आय. जे. कॅटनाक या न्यूझीलंडच्या इतिहासकाराने लिहिला. ते पुस्तक १९७० साली आले. सावकार वाईट असेल, पण तो गावात होता. त्याला ओसरीवर गाठता येई, 'अण्णा, यंदा पाऊस नाही, पुढच्या सालावर ढकला' असे म्हणता येई. त्याने ऐकले नाही ही गोष्ट वेगळी. विकल्या गेलेल्या कागदाला ओसरी नसते.

बँका या धंद्यात उशिरा आल्या. न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेने १९२८ साली पगारदार लोकांना लहान कर्जे देणारा विभाग उघडला. जामीनदार घेऊन, तारण न घेता. मोठ्या बँकांना वाटत होते, ही माणसे बुडवतील. उलट साध्या माणसांनी इमानाने फेडले. मंदीत, १९३४ साली, सरकारने घरदुरुस्तीच्या कर्जांना हमी दिली. मग गावोगावच्या बँकांनाही कळले की साध्या घराला कर्ज देणे हा फायद्याचा धंदा आहे.

आता एका गावाची गोष्ट जरा सावकाश सांगतो. कॅलिफोर्नियातले फ्रेस्नो हे द्राक्षांचे, बेदाण्याचे ठाणे. थॉमसन सीडलेस वेलीखाली उन्हात वाळत घालायचा तो मुलूख. आपल्या तासगावकडच्या बागायतदारांना त्याचे कौतुक असेल. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने या भागातल्या सुमारे साठ हजार लोकांना टपालाने एकेक कार्ड पाठवले. कोणी मागितले नव्हते, अर्ज केला नव्हता. पाकीट उघडले तर आत कार्ड, दुकानात दाखवा आणि माल न्या. गाव बेताचे, प्रयोग फसला तरी फार बोभाटा होणार नाही, हाही हिशेब त्यात होता. पुढे सगळ्या राज्यात अशी कार्डे गेली. बँकेचा अंदाज होता की शंभरातले चार जण पैसे थकवतील; थकवले बावीस जणांनी. पहिल्या सव्वा वर्षात अठ्ठ्याऐंशी लाख डॉलरचा खड्डा पडला. कार्डे चोरीला गेली, दुसऱ्यांनीच वापरली.

बँकेने तरी धंदा सोडला नाही, आणि दोन-तीन वर्षांत नफाही येऊ लागला. तेच कार्ड १९७६ पासून 'व्हिसा' नावाने जगभर गेले. न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेने १९७० साली बंदी घातली.

नफा येतो कुठून? महिन्याचे बिल पूर्ण भरले तर बहुधा व्याज नाही. थोडे भरून बाकी पुढे ओढली की त्या बाकीवर व्याज; त्या काळी ते महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला अठरा होते. म्हणून बँकेला आवडते गिऱ्हाईक कोणते, तर बुडवतही नाही आणि पूर्ण फेडतही नाही असे. गंमत पाहा, दर महिन्याला सगळी बाकी चुकती करणाऱ्याला त्या धंद्यातले लोक आपसात जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ 'बुडव्या' असा आहे! जुन्या वाण्याने हे ऐकले असते तर कपाळावर हात मारला असता.

बायकांचा एक मुद्दा यात राहून जाऊ नये. स्वतः कमावणाऱ्या बाईलाही अमेरिकेत पुष्कळ दुकाने आणि बँका नवऱ्याच्या नावाशिवाय उधारी देत नसत. नवरा वारला किंवा काडीमोड झाली की इतकी वर्षे नेमाने भरलेले हप्ते तिच्या नावावर कुठेच जमा नसत. १९७४ साली कायदा करून हा भेद बंद करावा लागला. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

हायमन यांचा कर्जाला सरसकट विरोध नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकन कामगाराने खूप कर्ज काढले आणि ते सहज फेडले, कारण त्याची मजुरी दरसाल वाढत होती. १९७० नंतर मजुरी अडली. कर्ज मात्र वाढतच गेले. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की बँकेचे ठाणे ज्या राज्यात, तिथला व्याजाचा दर ती दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही लावू शकते. लगेच साउथ डकोटा या शेतीप्रधान राज्याने व्याजाची मर्यादा काढून टाकली आणि १९८१ साली न्यूयॉर्कच्या सिटी बँकेने आपला कार्डांचा कारभार तिथे नेला. शॉन व्हॅनाटा या तरुण इतिहासकाराने हाच भाग घेऊन २०२४ साली पुस्तक लिहिले आहे.

मला स्वतःला या सगळ्यातून एक गोष्ट टोचते. मासिक हप्ता ही रीत पगारदारासाठी घडलेली आहे. अमेरिकेत मजुराला आठवड्याला पैसे मिळत, म्हणून आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता. शेतकऱ्याला कापणीयंत्र देताना मात्र त्याच लोकांनी पिकाची वाट पाहिली होती. आपल्याकडे पीककर्जाचे तेवढे सुगीचे भान ठेवतात. दुचाकी, फ्रिज आणि मोबाइलचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेलाच, मग कापूस झाडावर असो की कांदा चाळीत. ज्यांच्याकडे दुधाचा पगार येतो त्यांचे निभते. ज्यांचे सगळे दोन हंगामांवर आहे, त्यांनी सात-आठ महिने तो हप्ता कुठून भरायचा? मग हप्त्यासाठी हातउसने, ते फेडायला गटाचे कर्ज.

दुसरे म्हणजे व्याजाचा बोलला जाणारा दर. समजा बारा हजारांची वस्तू घेतली, 'फक्त दहा टक्के' म्हणून बाराशे रुपये व्याज, आणि अकराशेचे बारा हप्ते. पण बारा हजार काही वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत. दरमहा हजार मुद्दल परत जाते. पहिल्या महिन्यात बारा हजार, शेवटच्या महिन्यात एक हजार, सरासरी साडेसहा हजार. त्यावर बाराशे व्याज म्हणजे दर अठरा टक्क्यांच्या आसपास. वही-पेन्सिल घेऊन घरातल्या शाळकरी मुलाकडूनच हा हिशेब करून घ्यावा, त्याचेही गणित पक्के होईल. 'शून्य टक्के व्याज' म्हणून जे सांगतात त्यातही बहुधा व्याज प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली क्रेडिट कार्डांवरच्या अशा योजनांबद्दल बँकांना बजावले होते.

खरा वार्षिक दर कर्जदाराला सांगितलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १९६८ साली केला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदतकर्जांसाठी तसा नियम केला आहे. बँक असो की फायनान्स कंपनी, सही घेण्याआधी तिने कर्जाच्या मुख्य गोष्टींचे एक पत्रक द्यायचे असते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर, हप्त्यांचा तक्ता आणि वसुलीसंबंधीची माहिती असते. टेबलावरचा मुलगा फोनवर अंगठा लावायला सांगतो तेव्हा हे पत्रक फोनमध्येच कुठेतरी असते आणि बोटाने वर सरकवले जाते. ते मराठीत मागावे, तिथे उभे राहून वाचून घ्यावे, आणि वार्षिक दराच्या रकान्यातला आकडा दुकान सोडण्यापूर्वी आपल्या वहीत लिहून घ्यावा.